पुसलेली जागा

१

खिडकीची केबिन म्हणजे समुद्र दिसणार, असं थोरली धरून चालली होती. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. जहाजावरची खिडकी म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांपुढे पाणीच येईल. पण तिने बॅग खाली ठेवली, पडदा बाजूला सारला, आणि समोर दिसली चक्क एक बाजारपेठ.

जहाजाच्या पोटातच एक रस्ता बांधलेला होता. खाली गुळगुळीत फरशी, दोन्ही बाजूंना दुकानं, मधोमध बाकं, कुंड्यांतली खोटी झाडं आणि एका टोकाला कॉफीवाला. दुकानांच्या वर, दोन्ही भिंतींना, केबिनच्या खिडक्यांच्या रांगा. म्हणजे समोरच्याने आपल्या पलंगावरून हिच्याकडे बघायचं आणि हिने तिच्या पलंगावरून त्याच्याकडे. ऊन नाही, वारा नाही. छताला दिवे, ते सकाळ-दुपार सारखेच.

“समुद्र बघायला समुद्रावर यायचं, आणि दिसणार काय, तर पर्सचं दुकान!” ती म्हणाली आणि हसली. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून हसू लवकरच आवरलं.

खरं तर कुणीतरी असायला हवं होतं. हा सगळा बेत धाकट्या बहिणीचा. आई गेली, आईचं अंथरूण निघालं, औषधांच्या बाटल्या निघाल्या, आणि रिकाम्या घरात थोरली नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. तेव्हा धाकटी फोनवर म्हणाली, “ताई, आता पुरे झालं. आपण दोघी जहाजाने फिरून येऊ. लहानपणी एका पांघरुणात झोपायचो, तशा एका खोलीत राहू.” समुद्राकडच्या केबिन भरल्या होत्या म्हणून तिने ही आतल्या खिडकीची घेतली. आणि निघायच्या तोंडावर धाकटीच्या सुनेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. धाकटी आजी झाली. थोरली एकटी जहाजावर चढली.

केबिनमध्ये दोन पलंग होते, दोन उशा, दोन टॉवेल, दोन पेले. तिने दुसऱ्या पलंगावर आपली शाल आणि पुस्तकं पसरून ठेवली. मोकळा पलंग फार मोठा दिसत होता.

मग तिचं लक्ष काचेकडे गेलं. काच मळकी होती. नुसती धूळ नव्हे, एक तेलकट, दुधी थर सगळ्या काचेवर बसला होता. दिव्यांना त्यातून लव फुटल्यासारखी दिसत होती. कॉफीवाल्याची वाफ, गालिच्यांची धूळ, हजार माणसांचे श्वास; बंद जागेत हे सगळं कुठे जाणार, काचेवरच बसणार. मात्र बरोबर मधोमध, तिच्या चेहऱ्याच्या उंचीला, बशीएवढी जागा लख्ख होती.

“चला, एवढी तरी पुसली,” ती म्हणाली आणि त्या बशीतून खालची माणसं बघत उभी राहिली.

२

थोरली नियमाची बाई. तीस-बत्तीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसून तिने नोकरी केली होती. “थांबा, जोडून देते” हे तिचं वाक्य. कारखान्यातल्या प्रत्येकाला तिचा आवाज ठाऊक होता. बोर्डाची खोली जिन्याखाली, त्यामुळे चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. निवृत्त झाली त्या दिवशी समारंभात साहेब हार घेऊन दुसऱ्याच बाईपुढे उभे राहिले होते. ही गोष्ट ती विनोद म्हणून सांगायची.

जहाजावरही तिने आपला नेम लावून घेतला. सकाळी वरच्या डेकवर फेऱ्या, मग नाश्ता, मग केबिनमध्ये येऊन विणकाम. डेकवर समुद्र होता, भरपूर होता, पण वारा असा की डोळे उघडे ठेवू देत नव्हता, आणि खुर्च्या सगळ्या जोडीजोडीने मांडलेल्या. त्यापेक्षा खिडकीपाशी बरं वाटायचं. खालची माणसं यायची-जायची, पोरं रडायची, बायका पर्स हातात घेऊन परत ठेवायच्या. आवाज मात्र काही यायचा नाही. काच जाड होती. आयुष्यभर आवाज ऐकले आणि माणसं दिसली नाहीत, आता माणसं दिसतात आणि आवाज नाही, हे तिच्या मनात आलं, आणि धाकटीला सांगायला हवं म्हणून तिने ते जपून ठेवलं.

फेऱ्या मारून आली तेव्हा केबिनवाला चादरी बदलत होता. चाळिशीचा, हसरा, बोलका गडी. टॉवेलची घडी घालून हत्ती, ससे, बदकं करून ठेवायचा.

“मॅडम, आज तुमच्या मैत्रिणीच्या पलंगावर माकड ठेवलंय.”

“मैत्रीण नाही हो, बहीण. आणि ती आलेलीच नाही.”

“हो? मग एकाच पलंगाची चादर बदलू का?”

“दोन्हींची बदला,” थोरली पटकन म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

“बरं,” ती पुढे म्हणाली, “ती काच तेवढी पुसायला सांगाल का? फार मळलीय.”

केबिनवाल्याने ओला फडका घेऊन काच घसाघसा पुसली. फडका तसाच पांढरा राहिला. “बघा, आतून स्वच्छ आहे. मळ बाहेरच्या अंगाला. ते आमचं काम नाही, त्यांची वेगळी माणसं असतात. दोरांना टांगलेला पाळणा घेऊन येतात.” मग तो जरा वाकून म्हणाला, “पण मधली जागा तुम्ही चांगली काढलीत की! बाहेरून हात कसा घातलात?”

तो गंमत करत होता. थोरली हसली आणि काचेकडे वळली, आणि हसू ओठांवरच राहिलं. काल बशीएवढी असलेली जागा आता थाळीएवढी झाली होती. कडेला मळ सारल्याचे अर्धगोल वळ उमटले होते. बसमध्ये काच धुरकटली की माणूस बाहीने पुसतो, तसे.

उघडायची खिडकी नव्हती ती. बाहेर ना कठडा, ना पायरी. तीन मजले खाली फरशी.

३

गार हवेचं काहीतरी असेल, असं तिने ठरवलं. खिडकीखाली जाळी होती, तिच्यातून थंड हवा वर येई. काच मध्ये गार पडत असेल, मळ सुटत असेल. शिकलेलं माणूस असंच ठरवणार, आणि तिने ते ठरवून टाकलं.

विणायला ती खुर्चीत बसायची. खुर्ची पलंग आणि कपाटाच्या बेचक्यात होती, खिडकीच्या उजव्या कोपऱ्यासमोर. तिथे बसल्यावर काचेचा मधला भाग दिसत नसे, आणि मधल्या भागातून तीही दिसली नसती. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून आली, सुया घेऊन खुर्चीत टेकली, मान वर केली, तर समोर, काचेच्या उजव्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक नवी बशी पुसलेली.

तिने विणकाम मांडीवर ठेवलं.

मग ती उठली आणि पडदे ओढून घेतले. ओढून घेतल्यावरही दोन पडद्यांमध्ये बोटभर फट राहायचीच. तिने सुईने दोन्ही कडा एकत्र टोचल्या, सुई घसरली, फट राहिली. त्या फटीतून दिव्याची एक रेघ उशीवर पडायची. सकाळी उठून तिने पडदा सारला तेव्हा त्या फटीच्या सरळ मागे, काचेवर, खूप खाली, नाण्याएवढी जागा स्वच्छ होती. तिथे डोळा लावला तर काय दिसेल हे बघायला ती वाकली, आणि मग मान वळवून खोलीकडे पाहिलं. समोर तिची उशी होती.

थोरली घाबरट नव्हती. आजारी आईबरोबर बारा खोल्यांच्या जुनाट इमारतीत एकटीने राहिलेली बाई. तिने विचार केला तोही शांतपणे. आपण दिवसभर काच बघतो, म्हणून आपल्याला डाग दिसतात. डाग आधीपासून असतील. माणूस ज्या जागी बसतो तिथून त्याला जे दिसतं तेच त्याच्या लक्षात येतं. हे सगळं बरोबर होतं. तरीही तिने एक करून पाहिलं. कपाट आणि न्हाणीघराचं दार यांच्यामध्ये एक सांदी होती, बॅग ठेवण्यापुरती. कुणी शहाणं माणूस तिथे बसणार नाही. थोरली बॅग काढून त्या सांदीत जमिनीवर बसली. चहाचा पेला घेऊन, गुडघे पोटाशी घेऊन, लपाछपी खेळणाऱ्या पोरीसारखी, संध्याकाळच्या जेवणाची वेळ होईपर्यंत बसून राहिली.

जेवून आली, दिवा लावला, सांदीत जाऊन बसली.

काचेच्या डाव्या तळाशी, अगदी चौकटीला लागून, एक गोल. अजून ओला असावा तसा चकाकत होता.

४

जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर एक नर्सबाई असायच्या. निवृत्त, स्थूल, मोठ्याने बोलणाऱ्या, आणि मनाने उदार. टेबलावरची बाकीची मंडळी जोडप्याजोडप्याने आपापल्यात असायची. वेटर रोज थोरलीला विचारायचा, “आपण एकट्याच का?” आणि रोज नव्याने तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेचा काटा-चमचा उचलून न्यायचा.

“तुम्ही फिकट दिसताय,” नर्सबाई म्हणाल्या. “झोप लागत नाही?”

“लागते. खिडकी जरा... म्हणजे आतली खिडकी आहे ना, तिथून कुणी बघतंय असं वाटतं.”

“अहो, वाटतं कसलं, बघतातच! समोरच्या सगळ्या केबिनींना दुसरा उद्योग काय? म्हणून मी बिनखिडकीची घेतली. दार लावलं की पेटी बंद. कुणी बघणार नाही, कुणाला बघायचं नाही.” त्यांनी सुपाचा वाडगा पुढे ओढला. “माझ्याकडे एक पलंग रिकामा आहे. भीती वाटली तर या. मी घोरते, पण.”

थोरलीने मनापासून आभार मानले. नंतर तिने धाकटीला फोन लावला. जहाजावरून फोन लागला की आवाज तुटक यायचा, चित्र तर मधेच थिजायचं. पडद्यावर बाळाचा लाल मुखडा आला.

“ताई, बघ, बघ, डोळे उघडलेत! तुझ्याकडेच बघतोय!”

बाळ दिव्याकडे बघत होतं. थोरली म्हणाली, “गोड आहे गं.” ती पुढे म्हणाली, “धाकटे, इथे एक विचित्रच...” आणि तेवढ्यात तिकडे कुणीतरी हाक मारली, धाकटी “आले, आले” म्हणाली, “ताई, ठेवते हं, मजा कर,” आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात थोरलीला आपला चेहरा दिसला. केस विस्कटलेले.

तिने उठून केस विंचरले. चांगली साडी काढली, नेसली. मग नकळत खुर्ची ओढून खिडकीच्या मधोमध आणली आणि बसली.

हे तिने कुणाला सांगितलं नसतं. भीती होतीच. पण भीतीच्या शेजारी दुसरंही काही होतं. खुर्चीत बसलं तर खुर्चीसमोर, झोपलं तर उशीसमोर, सांदीत दडलं तर सांदीसमोर. इतकी तसदी तिच्यासाठी आजवर कुणी घेतली होती? आईच्या शेवटच्या वर्षांत ती चोवीस तास आईच्या डोळ्यांसमोर होती; पण आई बघायची दाराकडे, आणि विचारायची, “धाकटी आली का?” म्हणून, काचेमागे आई तर नसेल, हा विचार मनात आला तसा तिने तो बाजूला सारला. आई नक्कीच नव्हती. आईने तिच्यासाठी काच पुसली नसती.

ती तशीच बसून राहिली. जाळीतून येणारी हवा घुमत होती. बऱ्याच वेळाने, त्या घुमण्याच्या खाली, दुसरा एक आवाज तिला ऐकू आला. फार बारीक. ओलं कापड काचेवर ओढल्यावर येतो, तसा. ती बघत होती त्या जागी काही हललं नाही. आवाज थांबला. ती बघत नव्हती त्या कोपऱ्यात गोल जरासा मोठा झाला होता.

५

पाळणा आला तेव्हा थोरली केबिनमध्येच होती. पिवळ्या पाळण्यात काचवाला उभा, कमरेला पट्टा, हातात लांब दांड्याचा रबरी पुसणा. शेजारची काच त्याने साबण लावून, वरपासून खालपर्यंत ओढून चकाचक केली. मग पाळणा सरकून तिच्या खिडकीसमोर आला. दाढी वाढलेला, वैतागलेला, घामेजलेला तो माणूस बघून थोरलीला इतकं हायसं वाटलं की तिने ओळख असल्यासारखा हात केला. त्यानेही मान हलवली.

साबण लावला. पुसणा ओढला. काच मळकीच राहिली.

त्याने पुन्हा ओढला. मग खिशातून पातं काढून खरवडलं. कान काचेला लावल्यासारखं वाकून बघितलं, आणि थोरलीकडे बोट करून खूण केली: तुमच्या बाजूने आहे, आतून पुसा.

थोरलीने तळहात काचेवर फिरवून त्याला दाखवला. स्वच्छ. तिने बोटाने खूण केली: नाही, तुमच्या बाजूला.

त्याने आपला पंजा काचेवर ठेवला, उचलला. दाखवला. स्वच्छ.

काचेच्या दोन अंगांना दोन माणसं उभी राहून एकमेकांना नाही-नाही करत होती. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. थोरलीलाही क्षणभर हसू आलं. मग तिने तळहात काचेवर टेकला, काचवाल्याने त्याच्या बरोबर समोर आपला पंजा परत टेकवला, आणि दोन तळव्यांच्या मधे तो दुधी थर तसाच होता, तिला त्याची बोटं अंधुक दिसत होती. त्याच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने हात झटकन काढून घेतला आणि पाळणा पुढे सरकवला.

खाली कॉफीवाल्याशेजारी तो पाणी पीत बसला होता तिथे तिने त्याला गाठलं.

“त्या काचेत दोन काचा आहेत का हो? मधे पोकळी असते तशी?”

“नाही बाई. एकच आहे, जाडजूड. मी नव्या बसवतो पण, मला माहीत आहे.”

“मग मळ कुठे आहे?”

त्याने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. “काही काचा जुन्या झाल्या की आंधळ्या होतात. बदलायला सांगतो वर.” आणि ती वळली तेव्हा मागून म्हणाला, “आंधळी काच कुणी पुसत बसू नये, बाई. तुम्हीही नका पुसू.”

“मी कुठे पुसतेय?” थोरली म्हणाली.

काचवाला तिच्याकडे बघत राहिला.

६

ती लगेच वर गेली नाही. रस्त्यावर गर्दी होती, बँडवाले वाजवत होते, पोरांच्या हातात फुगे होते. अशा ठिकाणी माणसाला कशाची भीती? ती बाकावर बसली आणि पहिल्यांदाच खालून आपली खिडकी शोधली. शोधायला वेळ लागला नाही. त्या रांगेतल्या सगळ्या काचा आता धुऊन लखलखत होत्या. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी एकच होती.

केबिन बंद होती. किल्लीचं कार्ड तिच्या पर्समध्ये होतं, तिने चाचपून पाहिलं. चादरी सकाळीच बदलून झाल्या होत्या. आत कुणी नव्हतं.

पुसलेले गोल खालून दिसत होते: मधला मोठा, उजवीकडचा, खालचे दोन. सगळे काळे. खोलीत दिवा नव्हता. ती बघत होती, आणि तिच्या बघता बघता डावीकडे, आजवर कुणी हात लावला नव्हता अशा जागी, दुधी थरात एक काळा ठिपका पडला. ठिपक्याची बशी झाली. सावकाश, गोल गोल, अगदी घाई नसल्यासारखी.

थोरली उठली. बाकांच्या कडेने दहा-वीस पावलं उजवीकडे गेली आणि एका खोट्या झाडाआड उभी राहिली. झाडाची पानं कापडाची होती, त्यांना धूळ होती. पानांतून तिने वर पाहिलं.

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथून हे झाड नेमकं दिसलं असतं, तिथे नवा गोल होत होता.

आतापर्यंत तिला वाटत होतं की बाहेरून कुणी खोलीत बघतंय. ते तसं नव्हतं. आत-बाहेर असं काही नव्हतंच. खोलीशी कुणाला कर्तव्य नव्हतं.

बँडवाल्यांनी गाणं संपवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गोलामागे काहीतरी फिकट पुढे आलं आणि काचेला टेकलं. कपाळ असेल. ज्या तऱ्हेने माणूस रडून झाल्यावर, किंवा वाट बघून थकल्यावर, कपाळ काचेला टेकतो, त्या तऱ्हेने ते टेकलं. त्याखाली डोळे कुठे असायला हवेत ते तिने शोधलं. आणि मग शोधणं थांबवलं, मान खाली घातली, आणि फरशीकडे बघत, बघत, नर्सबाईंच्या दारापर्यंत गेली.

“आले मी,” ती म्हणाली.

“किती उशीर केलात!” नर्सबाई म्हणाल्या. “या आत. सामान केबिनवाला आणेल.”

७

नर्सबाईंची केबिन खरंच पेटीसारखी होती. चार भिंती, दोन पलंग, एक दिवा. उरलेला प्रवास थोरली तिथे राहिली. नर्सबाई घोरायच्या, आणि ते घोरणं तिला अंगाईसारखं वाटायचं. दोघी मिळून जेवायला जायच्या, पत्ते खेळायच्या, वरच्या डेकवर जोडीच्या खुर्च्यांत बसून लोकांना नावं ठेवायच्या. वेटर आता एकट्याच का म्हणून विचारत नव्हता. थोरली एकदा पोट धरून हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं, तर नर्सबाईंनी काही न विचारता रुमाल पुढे केला.

“आपण परतल्यावरही भेटायचं हं,” त्या म्हणाल्या. “मीही एकटीच असते. माझ्याकडे चार दिवस राहायला या.”

असं थोरलीला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायची, बोर्डावर एखादा चांगला आवाज आला की ऐकत राहायची तसं.

आतल्या रस्त्यावर मात्र ती गेली नाही. वळसा घालून जायची. नर्सबाईंनी कारण विचारलं नाही.

उतरायच्या सकाळी इलाज नव्हता. सगळ्यांना त्याच रस्त्याने बाहेर काढत होते. जहाज धक्क्याला लागलं होतं, दूरच्या टोकाला मोठं दार उघडलं होतं, आणि बंदराची गरम, दमट हवा आत लोटत होती. गार काचांवर त्या हवेने धुकं धरलं. दोन्ही भिंतींच्या सगळ्या खिडक्या, एकूण एक, पांढऱ्या झाल्या. खाली माणसांची रांग, बॅगांची चाकं, रडणारी पोरं.

थोरलीने नर्सबाईंचा हात धरला होता. लहान मुलीसारखा घट्ट. वर बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि अर्धा रस्ता ती फरशीकडे बघत चालली. मग रांग थांबली. आणि माणूस थांबला की त्याची मान वर होतेच.

तिच्या जुन्या खिडकीत, धुक्यात, एक गोल होता. ठीक आहे, ती मनात म्हणाली. गार हवेची जाळी. धुकं विरतंच.

रांग पुढे सरकली. शेजारच्या खिडकीत, जिथे तिने कधी पाय ठेवला नव्हता, एक गोल झाला. रांग सरकली. त्याच्या पुढच्या खिडकीत. रांग थांबली, तसा गोलही थांबला. प्रत्येक खिडकीखाली जाळी होती, हे तिला माहीत होतं, आणि हेही माहीत होतं की तिच्या मागे राहिलेल्या खिडक्यांवरचे गोल एकेक करून परत पांढरे होत चालले होते. एका वेळी एकच उघडा. तिच्या बरोबरीने.

“कुणाला बघताय?” नर्सबाईंनी विचारलं आणि थोरलीच्या नजरेच्या दिशेने वर पाहिलं.

थोरलीला तिथे फक्त धुक्यातलं काळं वर्तुळ दिसत होतं. नर्सबाईंना काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी आधी वर पाहिलं, मग थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा वर, आणि पुन्हा तिच्याकडे, दोन फोटो ताडून बघावेत तसं. त्यांच्या हाताची बोटं एकेक करून सैल झाली. आयुष्यभर मेलेली-जगलेली माणसं हाताळलेल्या त्या बाईचा हात थंडगार पडला होता.

“अहो,” थोरली म्हणाली, “काय झालं? थांबा ना.”

नर्सबाई थांबल्या नाहीत. बॅग ओढत, माणसांना बाजूला सारत, त्या दाराच्या उजेडात गेल्या. थोरलीने मागून दोनदा हाक मारली. बॅगांच्या चाकांच्या खडखडाटात ती ऐकू गेली नसेल असंही म्हणता येईल. त्यांचा पत्ता घ्यायचा राहून गेला होता.

रांग मोकळी झाली. दारापाशी, भिंतीला, शेवटची एक खिडकी होती. तिच्यातला गोल आधीच पुसून तयार होता. मोठा होता, चांगला परातीएवढा.

थोरली तिथे थांबली. मागची माणसं वळसा घालून पुढे गेली, कुणी तिच्याकडे पाहिलंदेखील नाही. धक्क्यावर उभी असलेली माणसं आपापल्या माणसांना हाका मारत होती, हात हलवत होती. तिच्यासाठी कुणी येणार नव्हतं. धाकटीला बाळाचं होतं.

तिने पदर सारखा केला. केसांवरून हात फिरवला. मग मान वर केली आणि निरोप घेताना घेतात तसा, खिडकीतल्याला दिसेल असा, हात हलवला.

काचेवर, गोलाच्या आत, वाफेचा एक छोटा ढग उमटला. श्वास टाकल्यासारखा. लगेच पुसला गेला.

बाहेर ऊन होतं. टॅक्सीपर्यंतचा रस्ता सरळ होता आणि जहाजाच्या त्या बाजूलाही, वरपासून खालपर्यंत, खिडक्याच खिडक्या होत्या. थोरलीने मागे वळून पाहिलं नाही. पण ती भरभर चालली नाही. एकेक पाऊल टाकत, मधेच बॅग या हातातून त्या हातात घेत, ती हळूहळू चालत गेली, मागून बघणाऱ्याला पुरेसा वेळ मिळावा म्हणून.